तिसऱ्या हाकेला ओ

लवळ्यात मला सगळे कानाची डॉक्टरीण म्हणतात. मी डॉक्टर नाही. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे माणसाला किती ऐकू येतं ते मोजणारी आणि कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावून देणारी. सुरुवातीला मी हे प्रत्येकाला समजावून सांगायचे. गावातल्या किराणा दुकानदाराने माझं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं डॉक्टर, साखर किती देऊ?" त्या दिवसापासून मी खुलासे करणं सोडून दिलं.

मी मूळची लातूरकडची. टेकडीवरच्या विद्यापीठात संशोधनाची नोकरी लागली तेव्हा खाली गावात एका शेतकरी घराची वरची खोली भाड्याने घेतली. घरमालकीण साठी ओलांडलेल्या, नवरा मागेच गेलेला, थोडी भातशेती राखून असलेल्या. मी त्यांना मावशी म्हणते. त्या मला आधी मॅडम म्हणायच्या, पहिल्याच महिन्यात मी त्यांच्या गॅसची शेगडी दुरुस्त करून दिली तेव्हापासून पोरी म्हणतात. त्यांचा मुलगा पिरंगुटला एका कारखान्यात आणि सून उरवड्याच्या एका कंपनीत, तयार झालेला माल तपासण्याच्या विभागात. घरात नुकतीच एक मुलगी जन्मली होती आणि त्या मुलीच्या पाळण्याभोवती सगळं घर फिरत होतं.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हेही आधीच सांगून टाकते. मला ते लपवता येत नाही आणि हल्ली लपवावंसंही वाटत नाही. या गोष्टीत तो उपयोगी पडला.

आमचा प्रकल्प दिसायला साधा होता. गावाकडची वयस्क माणसं श्रवणयंत्र घेतात आणि घालत नाहीत. का घालत नाहीत? कानांच्या अभ्यासात सध्या मोठमोठी कामं चालली आहेत. कुणी फोनवरच घरबसल्या चाचणी करता यावी म्हणून धडपडतंय, कुणी गोंगाटातून समोरच्या माणसाचा आवाज तेवढा वेगळा काढायला यंत्राला शिकवतंय, कुणी कमी ऐकू येणं आणि म्हातारपणी विसरायला होणं यांचा संबंध शोधतंय. परिषदेत हे सगळं ऐकलं की माझी छाती भरून येते. मग बसने गावात उतरावं, कुणाच्या घरी चहाला जावं, तर ते यंत्र फडताळात सुपारीच्या डब्यात पडलेलं. विचारलं तर उत्तर एकच, "डोकं उठतंय त्यानं." आणि आमच्यातले शहाणे लोक त्यावर म्हणणार की खेड्यातल्या माणसांना यंत्र घालायची लाज वाटते. ही लाजेची गोष्ट मला कधी पटली नाही. जी माणसं भर बाजारात एकमेकांच्या दातांच्या कवळीवरून मोठ्याने चेष्टा करतात, त्यांना कानातल्या एवढ्याशा वस्तूची कसली आली लाज?

मावशींचं यंत्र मसाल्याच्या डब्यात होतं, लवंगांच्या शेजारी. ते आमच्याच विभागाने दिलेलं होतं. ओळखीच्या माणसाची चाचणी स्वतः करायची नाही असा आमच्याकडे नियम आहे, म्हणून ती माझ्या एका सहकारी मुलीने केली होती. तिच्या मोजणीप्रमाणे मावशींचे कान बरेच गेलेले होते आणि त्या हिशेबाने यंत्राचा आवाज लावून दिला होता. मावशींनी ते चार दिवस घातलं. पाचव्या दिवशी मला म्हणाल्या, "पोरी, भांड्यावर भांडं लागलं की डोक्यात कुऱ्हाड घातल्यावानी व्हतंय. ठेव तुजं तुला." मी त्यांना सवय होईल म्हणून सांगत राहिले. त्यांनी ऐकून घेतलं आणि यंत्र लवंगांच्या शेजारी ठेवलं.

मग ती दुपार आली. सून शेजारणीकडे एखाद्या तासासाठी गेली होती. बाळ आतल्या खोलीत झोपलेलं, मावशी मागच्या अंगणात धान्य वाळवत होत्या. सून परत आली तेव्हा पोरगी रडून रडून लालबुंद झाली होती, आवाज बसला होता, आणि मावशी दहा पावलांवर ज्वारीत हात फिरवत गुणगुणत होत्या. त्यांना काही म्हणता काही कळलं नव्हतं.

पोरीला काही झालं नाही. दूध पिऊन ती अर्ध्या तासात हसायला लागली. पण सून हसली नाही. तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि आत्तापर्यंत सगळ्यांनी धरून चाललं होतं की आई कामावर, तर नात आजीकडे. आता सुनेने पिरंगुटमधलं एक पाळणाघर बघून ठेवलं. ती वाईट मुलगी नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. ती सासूला आत्या म्हणते, सासूच्या ताटात आधी वाढते. ती फक्त घाबरली होती, आणि तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

मावशी त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीचा जिना चढून वर आल्या. त्यांचे गुडघे दुखतात, त्या कधी वर येत नाहीत. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "माजी नात, माज्या घरात, आन ती मला सांबाळायला मिळायची न्हाई? तू कानाची डॉक्टरीण हायेस न्हवं? मग कर की कायतरी." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात हुकूम. मला भरून आलं. मी म्हटलं, मावशी, करते.

मी काय करणार होते ते मलाच माहीत नव्हतं. विभागात जाऊन पुन्हा चाचणी मागितली, आणि या वेळी दोन प्रकारची. एक नेहमीची. जाड भिंतींची, आवाजबंद अशी छोटी खोली असते, तीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, दार लावून घ्यायचं. बारीक बारीक आवाज सोडायचे. आवाज ऐकू आला की माणसाने हातातलं बटण दाबायचं. दुसरी चाचणी तान्ह्या बाळांवर करतात ती, जिच्यात बटण दाबावंच लागत नाही. कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवायच्या, कानात आवाज सोडायचे, आणि ते आतपर्यंत पोचतात का ते यंत्रच सांगतं. माणूस झोपला असला तरी चालतं. मावशी तर घोरल्याच.

सूनही सोबत आली होती. तिला बिचारीला आशा होती, असं मला वाटतं.

दोन्ही चाचण्यांची उत्तरं जवळपास जुळायला हवीत. जुळली नाहीत. बटणाची चाचणी म्हणत होती कान बरेच गेले आहेत, तारांची चाचणी म्हणत होती तेवढे काही गेलेले नाहीत. फरक दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. आमचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणतात, त्यांनी दोन्ही आलेख शेजारी शेजारी धरले, चष्मा कपाळावर सरकवला आणि अगदी सहज म्हणाले, "यांना ऐकू येतंय. बटण मात्र मुद्दाम उशिरा दाबतात. आपल्याकडे याला एकच नाव आहे, सोंग."

सर वाईट बोलले असं नाही. पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं. भरपाईसाठी, रजेसाठी बहिरेपणाचं सोंग घेणारी माणसं आम्हाला अधूनमधून भेटतात. पण सून दारातच उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला. सासूला ऐकू येत नाही ही एक गोष्ट झाली, पण येत असून सासूने पोर रडू दिली? तिने मावशींचा हात धरला, त्यांना रिक्षात बसवलं, मीही शेजारी बसले, आणि टेकडी उतरेपर्यंत ती बाहेरच बघत राहिली. मावशी आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत विचारत होत्या, "काय म्हनले सर? काय निगालं?" मी म्हटलं, उद्या सांगते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. सोंग! ज्या बाईने आयुष्यात भातलावणीच्या दिवसांत तापातसुद्धा कधी आजाराचं निमित्त केलं नसेल, ती नात गमावण्यासाठी सोंग करणार? सोंग माणूस काहीतरी मिळवायला करतो. इथे तर बाई सगळं हरत चालली होती. पण राग म्हणजे पुरावा नव्हे, हे मलाही कळत होतं. आलेख खोटे नव्हते. बटण उशिरा दाबलं जात होतं, हे खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. मावशी पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. यंत्र कानात नव्हतं, ते डब्यातच होतं. मी मनातल्या मनात सरांशी भांडत होते आणि हरत होते. घराच्या मागे, गोठ्याच्या पलीकडून, एका बाईची हाक आली. "वयनी!"

मावशींचा हात सुपात थांबला. मान किंचित गोठ्याकडे वळली. मी हे अगदी स्पष्ट पाहिलं. त्यांना ऐकू आलं होतं. आणि त्यांनी ओ दिली नाही. हात पुन्हा तांदळातून फिरायला लागला.

"वयनी!" दुसऱ्यांदा हाक आली. हात पुन्हा थांबला, पुन्हा चालू झाला. तोंडातून शब्द नाही.

तिसऱ्यांदा हाक आली तशा मावशी खणखणीत आवाजात ओरडल्या, "ओऽ! काय गं? ये की हितं!"

मी पायरीवरून उडालेच. "मावशी, पहिली हाक ऐकू आली होती ना तुम्हाला?"

"आली की."

"मग ओ का नाही दिलीत?"

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना चुलीत हात का घालत नाही असं विचारलंय. "तिन्हीसांजंचं, मानूस डोळ्याला दिसत न्हाई, आन पयल्या हाकंला ओ द्यायची व्हय? खुळी का काय तू? तुमच्यात न्हाई हे?"

आमच्यातही होतं. माझी आजी सांगायची, मी विसरले होते. मावशी सांगू लागल्या. त्यांचं माहेर माले गावचं, घराच्या मागे लगेच रान. लहानपणी त्यांच्या आईने सगळ्या भावंडांना बजावून ठेवलेलं. अंधारात, नाहीतर आडबाजूला, हाक मारणारा दिसत नसेल तर पहिली हाक नुसती ऐकायची, दुसरी नुसती ऐकायची, तिसरीला ओ द्यायची. "त्ये तिसऱ्यांदा हाक मारीत न्हाई. मानूस आसंल तर मारतंय." ते म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मला एकदम सगळं दिसलं. "मावशी, त्या आमच्या खोलीत, कानात वाजतं तेव्हा..."

"त्या काळ्या पेटीत? बाई, तितं तर लईच वंगाळ. दार लावून घेत्यात, काचंकडं पाठ करून बसिवत्यात, दिवा म्हंजी असून नसल्यासारका. आन कानात येतंय टीं टीं. कोन हाय, कुटनं बोलिवतंय, काय ठावं? मी आपली तीनदा आलं की मंग दाबत हुते."

मी पडवीत मोठ्याने हसले, इतकी की सून बाळाला कडेवर घेऊन बाहेर आली. मला नाचावंसं वाटत होतं. आमची चाचणी चालते कशी बघा. बारीक आवाज सोडायचा. माणसाने बटण दाबलं नाही तर त्याला ऐकू आलं नाही असं समजून आवाज एक पायरी वाढवायचा. तरीही नाही, आणखी एक पायरी वाढवायची. मावशी पहिल्या आवाजाला शहाण्यासारख्या गप्प. दुसऱ्याला गप्प. तिसऱ्याला ओ. तोवर आमचा आवाज दोन पायऱ्या वर गेलेला, आणि आम्ही कागदावर त्यांचे कान दोन पायऱ्या खाली नेलेले. मग त्या कानांच्या मापाचं यंत्र, आणि त्या यंत्रातून येणारा भांड्यांचा आवाज. डोक्यात कुऱ्हाड पडणार नाहीतर काय?

मी हे सगळं सुनेला सांगितलं, पण ती हसली नाही. ती माल तपासते, तिला एवढ्यावर समाधान होणार नव्हतं. तिने सरळ सासूला विचारलं, "आत्या, मग त्या दुपारी पोरगी रडत हुती, तवा बी तिसऱ्या हाकंची वाट बघत हुता का?"

मावशींच्या हातातलं सूप खाली आलं. "लेकराच्या रडन्याला कोन थांबतंय गं?" त्या म्हणाल्या. "त्ये मला ऐकूच आलं न्हाई. आलं आसतं तर मी ज्वारी पाखरांना टाकून पळाले आसते." आणि त्या रडू लागल्या. सून तिथेच त्यांच्याजवळ बसली. तिने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं, पण आपला हात काढून घेतला नाही. मी ते पाहिलं. तिला सासूवर विश्वास बसला होता, सासूच्या कानांवर अजून बसायचा होता. आणि ती बरोबर होती, कारण मावशींचे कान थोडे गेलेले होतेच. बारीक, उंच आवाज त्यांना यंत्राशिवाय येणार नव्हते. आता प्रश्न एवढाच उरला होता, की योग्य मापाचं यंत्र लावलं तर आतल्या खोलीतलं बाळ त्यांना ऐकू येईल का?

सकाळी मी सरांच्या खोलीत गेले आणि दार वाजवायचंही विसरले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "भुताखेतांवरून चाचणीची पद्धत बदलायची म्हणता?"

"भुतांवरून नाही सर, माणसांवरून. आपण त्यांना अंधारात बसवून अनोळखी हाका मारतोय, आणि त्यांनी लगेच ओ दिली नाही म्हणून त्यांना खोटं ठरवतोय."

माझा आवाज चढला होता. बाहेरच्या खोलीतले टायपिंगचे आवाज बंद झाले होते. सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. शेवटी म्हणाले, "पुन्हा करा चाचणी. पण बटणं तुम्ही हाताळायची नाहीत."

ते मला मंजूर होतं. मला फक्त माइक हवा होता.

मावशी आल्या. सूनही बाळाला शेजारणीकडे ठेवून आली, कारण तिला सगळं आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं. मावशींना पेटीत बसवलं, दार लागलं. माझी सहकारी यंत्रापाशी बसली. मी माइक जवळ ओढला आणि हेडफोनमधून मावशींशी बोलले. "मावशी, मी बोलतेय. तुमच्या वरच्या खोलीतली. आता कानात जे टीं टीं वाजेल ना, ते मीच पाठवतेय. मीच तुम्हाला हाक मारतेय, दुसरं कुणी नाही. पहिल्या हाकेलाच ओ द्यायची. कितीही बारीक असली तरी."

काचेपलीकडे मावशींची पाठ ताठ झाली. आतल्या माइकमधून त्यांचा आवाज आला, "मंग ह्ये आदी सांगायचं न्हाई व्हय!"

चाचणी सुरू झाली. बटण दाबलं की आमच्या टेबलावर एक छोटा दिवा लागतो. आवाज गेला, दिवा लागला. आवाज कमी केला, दिवा लागला. आणखी कमी केला, लागला. मधे मधे माझ्या सहकारी मुलीने मुद्दाम लांब शांतता ठेवली, माणूस उगाच बटण दाबतोय का ते कळायला. त्या शांततेत दिवा एकदाही लागला नाही. सून माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती आणि प्रत्येक दिव्याला तिची पकड घट्ट होत होती. संपलं तेव्हा सरांनी नवा आलेख तारांच्या आलेखाशेजारी धरला. दोन्ही इतके जवळ आले होते की सांगायला ऑडिओलॉजिस्ट लागत नव्हता.

सर सुनेकडे वळले. "परवा मी एक शब्द वापरला होता. तो चुकीचा होता. तुमच्या सासूबाईंनी काही लपवलेलं नाही. आम्हालाच विचारता आलं नाही." एवढं बोलून ते मावशींसाठी स्वतः पेटीचं दार उघडायला गेले. त्या क्षणी मला ते फार आवडले, आणि मी ते त्यांना सांगूनही टाकलं. ते म्हणाले, "आता ओरडू नका म्हणजे झालं."

यंत्राचा आवाज नव्या मापाने लावला. मावशींनी ते कानात घातलं, आणि मी मुद्दाम स्टीलचा पेला बशीवर आपटला. त्या दचकल्या नाहीत. "ह्ये भांडं वाटतंय," त्या म्हणाल्या. "आदी वाजायचं त्ये काय भांडं हुतं का?"

त्यानंतरच्या आठवड्यांत आमच्या विभागात जे झालं त्याचा मला अजून अभिमान वाटतो. आसपासच्या गावांतल्या ज्या ज्या माणसांच्या दोन चाचण्या जुळत नव्हत्या, त्यांना आम्ही परत बोलावलं. चाचणीआधी त्यांना पेटी आतून बाहेरून दाखवली, चाचणी करणाऱ्या मुलीशी दोन घटका गप्पा मारायला लावल्या, आणि मग तिनेच हेडफोनमधून आपली ओळख दिली. कुणी विचारलं तर आम्ही कारण सांगायचो, आणि म्हातारे लोक माना डोलवायचे. "व्हय, तिसऱ्यालाच," असं म्हणणारे काही कमी नव्हते. सगळ्यांचंच असं नव्हतं, हेही खरं. काहींचे कान खरोखर गेलेले होते, काहींना यंत्राचा नाद नकोच होता. पण किती तरी यंत्रं सुपारीच्या, मसाल्याच्या डब्यांतून बाहेर निघाली, त्यांचा आवाज खाली आला आणि ती कानांवर चढली. ज्यांना आम्ही हट्टी म्हणत होतो ती माणसं फक्त सावध निघाली. मी हे परिषदेत मांडलं तेव्हा भाषण संपल्यावर लोक माझ्याभोवती जमले. प्रत्येकाला आपली आजी आठवत होती.

पण हे सगळं नंतरचं. माझी खरी परीक्षा नवं माप लावलं त्याच आठवड्यात झाली, आणि ती विद्यापीठात नव्हती, खालच्या घरात होती. सुनेची रजा संपायला आता रविवार तेवढा उरला होता. पाळणाघरात सोमवारी येतो म्हणून सांगून ठेवलेलं होतं. तिने ते अजून मोडलं नव्हतं.

रविवारी दुपारी तिने आम्हाला सगळ्यांना पडवीत बसवलं. बाळाला पाजून आतल्या खोलीत निजवलं आणि दार ओढून घेतलं, कडी न लावता. बाहेरच्या खोलीत टीव्ही लावला. नवऱ्याला मागच्या दारी पाण्याची मोटर चालू करायला सांगितलं. समोरच्या इमारतीत विद्यापीठाची पोरं राहतात, त्यांचा स्पीकर तर सदाचाच चालू. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. मग तिने मला आणि नवऱ्याला दम दिला, "कुनी खुनवायचं न्हाई. बाळ रडलं तरी कुनी हलायचं न्हाई." कंपनीत ती मालावर शिक्का मारायच्या आधी अशीच उभी राहत असणार. मावशींना तिने काहीच सांगितलं नाही. मावशी यंत्र घालून भिंतीला टेकल्या होत्या आणि मला माल्याच्या कुठल्याशा लग्नात जेवणावळ कशी फसली ते रंगवून सांगत होत्या.

मी ऐकत नव्हते. माझी पदवी, माझे आलेख, सरांनी मागे घेतलेला शब्द, सगळं त्या ओढलेल्या दाराआड झोपलं होतं. मावशींना ऐकू आलं नाही, तर उद्या सकाळी पोरगी पिरंगुटला जाणार आणि या बाईचं घर दिवसभर रिकामं राहणार. मुलगा मान खाली घालून फोन चाळत होता, पण त्याचा अंगठा हलत नव्हता. सून दाराकडे बघत होती.

"आन मंग आचारी म्हनतुया, भात पुरंना..." एवढं बोलून मावशी उठल्या. वाक्य अर्धंच राहिलं. भिंतीला हात लावून, गुडघ्यांची तक्रार न करता, त्या टीव्हीसमोरून झपाझप आत गेल्या.

मी सुनेकडे पाहिलं, सुनेने माझ्याकडे. मला काही ऐकू आलं नव्हतं. तिलाही नाही. आम्ही दोघी मागोमाग धावलो. पोरगी जागी होती. ती रडत नव्हतीच अजून. दुपट्यातून पाय बाहेर काढून नुसती कुरकुर चालली होती, तोंड वाकडं करून, रडावं की नाही याचा विचार करत असल्यासारखी. मावशींनी तिला उचललं तशी ती गप्प झाली.

सून पाळण्याला धरून उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मला रडू आवरलं नाही, आणि मी ते आवरण्याचा प्रयत्नही केला नाही. आम्ही जिंकलो होतो, सरळ, स्वच्छ, कुणाच्या मेहरबानीशिवाय जिंकलो होतो. सुनेने मागे वळून नवऱ्याला हाक मारली, "अहो, पाळणाघरात फोन करा. आमची पोर येत न्हाई म्हनावं." मग सासूकडे बघून हळूच म्हणाली, "आत्या, मी उद्यापासनं कामावर जातीया."

मावशींनी नातीला खांद्यावर घेतलं आणि तिच्या पाठीवर थोपटत सुनेला बजावलं, "जा बिनघोर. आन दुपारचा सारका सारका फोन करू नगंस. आमी दोगी झोपल्याल्या आसतोय."